संत्र्याची एकच फांदी पिवळी पडली? टॉनिकवर पैसे घालण्याआधी सायला कीड आणि ग्रीनिंग रोगाची ही माहिती वाचा

बागेतल्या एखाद्या संत्र्याची एकच फांदी पिवळी दिसायला लागली की आपण काय करतो? कृषी केंद्रात जातो, झिंक-फेरस आणतो, फवारतो. फरक नाही पडला तर एखादं टॉनिक. असं करता करता दोन बहार निघून जातात. झाड मरत नाही, पण सुधरतही नाही. फळं लहान राहतात, गळतात. मग शेजारचं झाड तसंच दिसायला लागतं.

प्रत्येक पिवळं पान म्हणजे मोठा रोग नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण या लक्षणांमागे ग्रीनिंग असेल, तर टॉनिकच्या नादात गेलेला वेळ फार महागात पडतो. त्या वेळात कीड रोग घेऊन बागभर फिरलेली असते. म्हणून वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, काटोल, नरखेड अशा संत्रा पट्ट्यातल्या प्रत्येक बागायतदाराला हा रोग ओळखता आला पाहिजे. मोसंबी आणि लिंबूवाल्यांनाही हे तितकंच लागू आहे.

ग्रीनिंग म्हणजे नेमकं काय?

ग्रीनिंग हा जीवाणूमुळे होणारा रोग आहे. बुरशीमुळे किंवा विषाणूमुळे तो होत नाही. जगभर त्याला 'हुआंगलाँगबिंग' या चिनी नावानेही ओळखतात. या नावाचा संबंध पिवळ्या फांदीशी आहे. हिरव्यागार झाडात एकच फांदी पिवळी उठून दिसते, त्यावरून ते पडलं. आशियात आढळणाऱ्या जीवाणूचं शास्त्रीय नाव 'कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस'.

झाडाच्या पानात जे अन्न तयार होतं ते सालीखालच्या बारीक नळ्यांमधून फळांना आणि मुळांना जातं. हा जीवाणू नेमका त्याच नळ्यांमध्ये राहतो. नळ्या चोंदतात. पानात तयार झालेलं अन्न पानातच अडकतं आणि खाली मुळं उपाशी राहतात. तंतुमुळं कमी झाली की झाड जमिनीतलं खत-पाणी नीट उचलत नाही. म्हणूनच आजारी झाडावर झिंकची कमतरताही दिसते. झिंक फवारल्यावर थोडे दिवस हिरवेपणा येतो आणि आपल्याला वाटतं औषध लागू पडलं. रोग मात्र आत तसाच असतो.

एकदा लागण झालेलं झाड पूर्ण बरं करणारं औषध आजपर्यंत जगात कुठेही नाही. या लेखातली बाकी सगळी माहिती याच एका गोष्टीवर उभी आहे.

रोग पसरवणारी कीड : सायला

या किडीला सायला म्हणतात, काही ठिकाणी सिट्रस सिला असंही म्हणतात. शास्त्रीय नाव 'डायफोरिना सिट्री'. आपल्या देशात ग्रीनिंगचा प्रसार हीच कीड करते, हे कपूर, राव आणि विश्वनाथ या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे रोग आपल्याकडे नवा नाही. पिढ्यान् पिढ्या तो इथे आहे. फक्त शेतात त्याला आपण वेगवेगळ्या नावांनी खपवतो.

कीड अशी ओळखा :

• मोठी कीड ३ ते ४ मिलिमीटरची, तपकिरी ठिपक्यांची असते. पानावर बसताना डोकं खाली आणि मागची बाजू वर, अशी तिरपी बसते. ही बसण्याची तऱ्हा पक्की लक्षात ठेवा. मावा किंवा तुडतुडा असा बसत नाही.

• अंडी पिवळसर, बदामाच्या आकाराची. ती फक्त कोवळ्या नवतीवर, न उघडलेल्या पानांच्या घडीत घातली जातात. अनुकूल हवामानात एक मादी ८०० पर्यंत अंडी घालू शकते.

• पिल्लं चपटी, पिवळसर-नारिंगी. ती कोवळ्या शेंड्यातला रस शोषतात आणि मागून पांढऱ्या, मेणचट, दोऱ्यासारख्या नळ्या सोडतात. शेंड्यावर असे पांढरे दोरे दिसले तर सायला आहेच समजा.

• चिकट स्राव पडून पानांवर काळी बुरशी वाढते. त्यामुळे ती कोळशी वाटू शकते. नवतीचा शेंडा वाकडा, चुरगळलेला दिसतो.

अंड्यापासून मोठी कीड व्हायला हवामानाप्रमाणे दोन ते सात आठवडे लागतात.

आता महत्त्वाची बाब. रोगट झाडावर वाढलेलं पिल्लू जीवाणू अंगात घेऊन मोठं होतं. पंख फुटले की ते दुसऱ्या झाडावर जातं आणि जिवंत असेपर्यंत रोग पसरवू शकतं. त्यामुळे रोगट झाडाची नवती म्हणजे रोगी किडीचा कारखानाच.

रोग पसरण्याचे दोन रस्ते

पहिला रस्ता सायलाचा. कीड स्वतः फार लांब उडत नाही, पण वाऱ्याबरोबर पुढच्या बागेत पोचते. बाहेरून येणारी सायला आधी बागेच्या कडेच्या ओळींवर जास्त दिसते. बाग तपासताना सुरुवात बांधाकडून करा.

दुसरा रस्ता कलमांचा. रोगट झाडाची डोळकाडी घेऊन कलम बांधलं तर रोग कलमातच येतो. अशी कलमं ट्रकने शंभर-दोनशे किलोमीटर जातात. सायलाला जे अंतर कापायला वर्षं लागतील ते कलम एका दिवसात कापतं. पानांसकट भरलेल्या फळांच्या गाडीतूनही कीड दुसऱ्या गावात जाऊ शकते.

माती, पाणी किंवा शेणखतातून हा रोग पसरत नाही. आणि रोगट झाडाचं फळ खाल्ल्याने माणसाला किंवा गुराढोरांना काही होत नाही. चव मात्र बिघडलेली असते.

लक्षणं : पेनाने तपासा

लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही महिने ते दोन-तीन वर्षंही लागू शकतात. दरम्यान झाड चांगलं दिसतं, पण त्याच्या नवतीवरून किडीला रोग मिळू शकतो. म्हणजे बागेत तुम्हाला ५ झाडं आजारी दिसत असतील, तर लागण झालेली झाडं त्याहून जास्त असण्याचीच शक्यता आहे.

पानावर : जून पानावर पिवळे-हिरवे डाग पडतात आणि पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांवर ते सारखे नसतात. एक पान घ्या, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर पेनाने गोल काढा. झिंक किंवा लोहाची कमतरता असेल तर दोन्ही गोलांतला रंग जवळपास सारखा दिसतो. ग्रीनिंगमध्ये एका गोलात हिरवं आणि दुसऱ्यात पिवळं, असा फरक दिसतो. दहा-पंधरा पानांवर हे करून बघा.

फांदीवर : सुरुवातीला एक-दोन फांद्याच पिवळ्या. पुढे पानं लहान, उभी आणि जाड होतात, शिरा फुगीर दिसतात, शेंडे वाळतात.

फळावर : फळ एका बाजूला झुकलेलं, वाकडं. निरोगी फळ खालून रंग घ्यायला लागतं. ग्रीनिंगच्या फळात उलटं होतं, देठाकडे रंग येतो आणि खालचा भाग हिरवाच राहतो. फळ उभं कापलं तर मधला अक्ष वाकडा आणि बिया बारीक, काळपट, पोचट दिसतात. चव कडवट-आंबट.

इथे एक सावधगिरी. आपल्या आंबिया बहाराची फळं तोडणीला आली तरी बऱ्याचदा हिरवटच असतात, कारण तोवर रात्रीची थंडी पुरेशी पडलेली नसते. हिरवं फळ म्हणजे ग्रीनिंग, असा अर्थ काढू नका. वाकडा आकार, पोचट बिया आणि पानावरचे असमान डाग हे तिन्ही एकत्र दिसले तरच संशय पक्का धरा.

तसंच अख्खं झाड एकसारखं पिवळं पडत असेल, बुंध्यातून डिंक येत असेल, मुळांची साल सडलेली असेल, तर ते डिंक्या किंवा मूळकूज असण्याची शक्यता जास्त. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत हे नेहमी होतं आणि त्याचे उपाय वेगळे आहेत. फळगळीलाही बुरशी, रस शोषणारे पतंग, पाण्याचा ताण अशी बरीच कारणं असतात.

खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. पीसीआर तपासणीत पानातला जीवाणू सापडतो. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. आधी तालुका कृषी अधिकारी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या, नमुना कसा आणि कुठे द्यायचा ते. डाग असलेली जून पानं देठासकट घ्यायची, एका झाडाची एका पिशवीत, आणि त्या झाडाला खूण करून ठेवायची.

फ्लोरिडात काय झालं?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९९८ मध्ये सायला सापडली. तेव्हा रोग दिसला नव्हता. पुढची काही वर्षं कीड राज्यभर पसरत गेली. सायला बसलेली कामिनीची शोभेची रोपं दुकानादुकानांत विकली जात होती, त्यातूनही ती पसरली. २००५ मध्ये रोग सापडला, तेव्हा उशीर झाला होता.

२००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्याच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या. पेटी म्हणजे सुमारे ४१ किलो. २०२२-२३ मध्ये हा आकडा १ कोटी ६० लाखांच्याही आत आला. मोठ्या वादळांनी नुकसान केलं हे खरं, पण बागा आधीच खिळखिळ्या केल्या त्या ग्रीनिंगने. तिथे पैसा, यंत्रं, विद्यापीठं कशाचीच कमतरता नव्हती.

ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यात २००४ मध्ये रोग सापडला. तिथल्या मुख्य संत्रा पट्ट्यातल्या २०२४ च्या पाहणीत दर १०० झाडांमागे ४४ झाडांवर लक्षणं होती. मोठ्या मळ्यांनी रोगट झाडं सतत काढली आणि कीड आवरली, तिथे प्रमाण कमी राहिलं. लहान बागांत ते जास्त आढळलं, कारण लहान बागेला चहूबाजूंनी दुसऱ्याचा बांध असतो. आपल्याकडे तर बहुतेक बागा लहानच.

तिसरं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. वरुड-मोर्शीच्या पट्ट्याला आपण विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतो, म्हणून तिथलंही बघूया. २००८ मध्ये तिथे सायला आली, २०१२ मध्ये लॉस एंजेलिसजवळ एका घराच्या अंगणातल्या झाडावर रोग सापडला. त्यांनी लगेच अंगणातली झाडं तपासणं, रोगट झाड काढणं, रोपांच्या आणि फळांच्या वाहतुकीवर बंधनं घालणं सुरू केलं. रोग प्रामुख्याने घरांच्या आवारातच सापडत राहिला आणि मोठ्या व्यापारी बागा बऱ्याच प्रमाणात वाचल्या. ते एकट्या बागायतदाराचं काम नव्हतं, सगळ्या परिसराने मिळून केलेलं होतं.

आपण काय करायचं?

१. कलम घेताना घाई नको. स्वस्त कलम बघून गाडी भरू नका. नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्या, पावती घ्या, आणि मातृवृक्ष कुठला, तो तपासलेला आहे का, हे विचारा. शेंडा कलम तंत्राने तयार केलेल्या रोगमुक्त मातृवृक्षांपासून झालेली, कीडरोधक जाळीतली, पिशवीतली कलमं मिळत असतील तर त्यांना पहिली पसंती द्या. कलमाचे दहा-वीस रुपये वाचवले आणि रोग विकत आणला, तर पाच-सहा वर्षांची मेहनत जाते.

२. नवतीवर नजर ठेवा. सायलाची अंडी नवतीवरच असतात, त्यामुळे फवारणीची वेळ नवती ठरवते. जानेवारी-फेब्रुवारी, जून-जुलै आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर ही आपल्याकडे नवतीची मुख्य वेळ. या दिवसांत आठवड्यातून एकदा कडेच्या आणि मधल्या मिळून १५-२० झाडांचे शेंडे बघा. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर तीनदा टपली मारा. सायला कागदावर पडते. पिवळे चिकट सापळेही उपयोगी.

कीड कमी असेल तर निंबोळी तेल किंवा निंबोळी अर्कापासून सुरुवात करा. जास्त असेल तर इमिडाक्लोप्रिड, थायमेथॉक्झाम अशी कीटकनाशकं सायलासाठी वापरली जातात. प्रमाण मात्र डब्यावरच्या लेबलप्रमाणे आणि कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणेच घ्या. एकच औषध दर वेळी मारू नका, किडीला त्याची सवय होते. फूल उमललेलं असताना ही औषधं मारू नका, मधमाश्या मरतात. आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, हे विसरू नका. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे हवेतच.

३. मित्रकीटक वाचवा. 'टॅमारिक्सिया' नावाची अगदी बारीक गांधीलमाशी सायलाच्या पिल्लाखाली अंडी घालते आणि तिची अळी पिल्लाला खाऊन टाकते. भारतातून नेलेल्या याच माशीने १९७८ नंतर रीयुनियन बेटावर सायला आटोक्यात आणायला मोठी मदत केली. ढालकिडे आणि क्रायसोपाही पिल्लं खातात. गरज नसताना जहाल औषध मारलं की आधी हेच मरतात.

४. रोगट झाड काढा. सगळ्यात अवघड काम हेच. त्या झाडावर अजून दीड-दोनशे फळं असतात, आणि पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड तोडायला हात धजत नाही. पण हिशेब करा. ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या बागेत एकरी साधारण ११० झाडं बसतात. दोन झाडं काढली तर १०८ राहतात. दोन झाडं ठेवली तर दर नवतीला त्यांच्यावरून रोगी कीड उरलेल्या १०८ वर जात राहते.

काढण्याआधी त्या झाडावर फवारणी करा, नाहीतर कुऱ्हाड लागताच कीड उडून शेजारच्या झाडावर जाईल. मग मुळासकट काढा. नुसतं बुंध्यापासून कापलं तर खालून फुटवे येतात, तेही रोगटच असतात. तपासणीत खात्री झाल्याशिवाय मात्र घाईने झाडं तोडू नका.

५. शिवार मिळून करा. तुम्ही सोमवारी फवारलं आणि शेजाऱ्याने महिनाभराने, तर कीड बांधावरून इकडून तिकडे फिरत राहते. नवती फुटली की एका शिवारातल्या बागायतदारांनी तीन-चार दिवसांच्या आत एकदम फवारणी करावी. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहेच, त्यावर तारीख ठरवा. सोडून दिलेल्या, पाणी नसलेल्या जुन्या बागा, परसातलं लिंबू, कढीपत्ता आणि कामिनीची झाडं यांच्यावरही सायला वाढते. कढीपत्ता तोडायची गरज नाही, पण त्याचे शेंडे तपासा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अँटिबायोटिक दिलं तर झाड बरं होतं का?*
फ्लोरिडात २०२२ पासून खोडात ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन द्यायला परवानगी मिळाली. त्याने रोग जात नाही, काही काळ दबतो, आणि पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. आपल्याकडे कोणी सांगितलं म्हणून असे प्रयोग करू नका.

*जास्त खत-पाणी दिलं तर झाड तगेल का?*
चांगल्या व्यवस्थापनाने झाड काही वर्षं ओढतं. पण तोवर ते रोगाचं घर बनून राहतं. लागण तुरळक असेल तोवर झाड काढणंच फायद्याचं.

*बागेत पेरू लावला तर सायला येत नाही म्हणतात, खरं का?*
व्हिएतनाममध्ये संत्र्यात पेरू लावलेल्या बागांत सायला कमी दिसली होती. दुसरीकडे तसाच फायदा दर वेळी मिळाला नाही. त्यामुळे फक्त पेरूच्या भरवशावर राहू नका.

*काढलेल्या झाडाच्या जागी नवीन कलम लावता येतं का?*
येतं, कारण रोग मातीत राहत नाही. कलम रोगमुक्त हवं आणि पहिली काही वर्षं त्याची नवती जास्त जपावी लागेल. लहान झाडाला वारंवार नवती फुटते, म्हणून त्याला धोका जास्त.

*कात्रीने छाटणी करताना रोग लागतो का?*
मुख्य रस्ते सायला आणि कलम हेच. तरी कात्री निर्जंतुक करून वापरणं चांगलं, इतर रोगांसाठी त्याचा उपयोग होतोच.

लक्षात ठेवा

या आठवड्यात एवढं करा. बागेच्या चारही कडांनी फेरी मारा, शेंडे उलटून बघा, संशय आलेल्या झाडाला चिंधी बांधा आणि पेनाची तपासणी करा. फोटो काढून तालुका कृषी कार्यालयाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. आणि धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यालाही सोबत घ्या, कारण त्याची बाग आजारी पडली तर तुमची वाचवणं कठीण आहे.